वेंकीज आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील, १८७५ साली स्थापन झालेला फुटबॉल क्लब नोव्हेंबर २०१० पासून पुण्याच्या वेंकीज या कुक्कुटउद्योग समूहाच्या मालकीचा आहे. प्रीमियर लीगमधील क्लब विकत घेणारी ही पहिली भारतीय कंपनी होय. खरेदीनंतर दीड वर्षाच्या आत संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला आणि २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला. या काळात क्लबच्या आर्थिक कारभारावरून मालक आणि समर्थक यांच्यात जो दुरावा निर्माण झाला, तो इंग्लिश फुटबॉलमधील सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या वादांपैकी एक मानला जातो. समर्थकांचा राग मालकांनी पैसा दिला नाही एवढ्यापुरता मर्यादित नाही. वेंकीजने क्लबमध्ये २० कोटी पौंडांहून अधिक रक्कम ओतली आहे. तो पैसा कोणाच्या सल्ल्याने व कोणत्या हेतूने खर्च झाला आणि त्याचा जाब कोणी द्यायचा, हा या वादाचा गाभा आहे.

ब्लॅकबर्न आणि भारत

ब्लॅकबर्न हे सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचे, कापडगिरण्यांवर वाढलेले शहर. त्याचा भारताशी संबंध वेंकीजच्या आधी शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापसाचा आधार घ्यावा लागला. वऱ्हाड आणि हिंगणघाट परिसरातील कापसाला त्या वर्षांत अभूतपूर्व भाव आला तो यामुळेच. उलट दिशेने ब्लॅकबर्नच्या मागांवर खास भारतासाठी धोतराचे कापड विणले जात असे. परदेशी कापडावरील बहिष्काराची झळ या शहराला थेट बसली. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडमध्ये असलेले महात्मा गांधी लगतच्या डार्वेन येथे मुक्कामाला गेले आणि बेकार झालेल्या गिरणीकामगारांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले.

पुढे गिरण्या बंद पडल्या. १९६० नंतर गुजरात व पाकिस्तानातून आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली. आज ब्लॅकबर्न–डार्वेन या नगरक्षेत्रातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रहिवासी दक्षिण आशियाई वंशाचे आहेत. अशा गावात भारतीय मालकाचे येणे ही मुळात अनिष्ट घटना मानली जाण्याचे कारण नव्हते, आणि आरंभी ती तशी मानली गेलीही नाही.

वॉकर यांचा वारसा

१८८८ मध्ये जगातील पहिली फुटबॉल लीग स्थापन करणाऱ्या बारा क्लबांपैकी रोव्हर्स एक आहे. १८९० पासून त्याचे मैदान ईवूड पार्क हेच आहे. ‘कौशल्याने आणि श्रमाने’ अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य क्लबच्या चिन्हावर आहे. १९१२ आणि १९१४ च्या विजेतेपदांनंतर मात्र क्लबला दीर्घ उतरती कळा लागली होती.

१९९१ मध्ये जॅक वॉकर यांनी क्लबचा ताबा घेतला. ते ब्लॅकबर्नचेच, पोलादाच्या व्यापारात धनाढ्य झालेले आणि लहानपणापासून याच संघाचे चाहते. त्यांनी केनी डॅल्ग्लिश यांना व्यवस्थापक म्हणून आणले, ॲलन शिअररला त्या काळच्या विक्रमी किमतीस विकत घेतले, मैदानाचे तीन बाजूंचे प्रेक्षागार नव्याने बांधले आणि १९९४–९५ मध्ये संघाने प्रीमियर लीग जिंकली. टीकाकार त्याला ‘विकत घेतलेले विजेतेपद’ म्हणत. त्यात तथ्य होतेच. पण वॉकर यांच्यावर हा आक्षेप घेणारा माणूस ब्लॅकबर्नमध्ये शोधूनही सापडला नसता. ते सामन्याला येत, लोकांना भेटत, हरल्यावर रडत. पुढील मालकांची तुलना समर्थकांनी नकळत याच मापाने केली. कोणत्याही परक्या मालकाला हे माप जडच गेले असते.

ऑगस्ट २००० मध्ये वॉकर यांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षे क्लब त्यांच्या कौटुंबिक न्यासाकडे राहिला. न्यासाने हळूहळू हात आखडता घेतला आणि ग्राहक शोधायला सुरुवात केली. अध्यक्ष जॉन विल्यम्स यांच्या मितव्ययी कारभारात संघाने २००२ चा लीग चषक जिंकला आणि मर्यादित उत्पन्नात प्रीमियर लीगमधील स्थान टिकवले.

खरेदी

वेंकीज हे व्यंकटेश्वरा हॅचरीज या समूहाचे परिचित नाव. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हा उद्योग उभारला. भारतातील आधुनिक कुक्कुटपालनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते, आणि राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या स्थापनेतही (१९८२) त्यांचाच पुढाकार होता. त्यांच्या पश्चात कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र व्यंकटेश व बालाजी राव यांनी समूहाची धुरा सांभाळली. कोकणापासून राजुरा-गडचिरोलीपर्यंतच्या कोंबडीपालकाला पिल्ले, खाद्य आणि लसी यांच्या व्यवहारातून जे नाव ठाऊक असते, ते एका इंग्लिश क्लबच्या खेळाडूंच्या छातीवर दिसावे, हे त्या वेळी महाराष्ट्रातील वृत्तपत्रांना मोठ्या कौतुकाचे वाटले होते.

१९ नोव्हेंबर २०१० रोजी ‘वेंकीज लंडन लिमिटेड’ने २ कोटी ३० लाख पौंडांना क्लबचे ९९.९ टक्के समभाग घेतले आणि क्लबवरील कर्जाची जबाबदारीही स्वीकारली. प्रीमियर लीगमधील स्थान, जगभरचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण आणि १३५ वर्षांचा इतिहास यांच्या मानाने ही किंमत स्वस्तच होती. व्यापारी हेतूही लपवलेला नव्हता. सामन्यापूर्वी रोव्हर्सचे खेळाडू वेंकीजची कोंबडी खात असल्याची जाहिरात २०११ मध्ये प्रसारित झाली आणि इंग्लंडमध्ये ती चेष्टेचा विषय बनली.

पहिले अठरा महिने

१३ डिसेंबर २०१० रोजी, खरेदीला महिनाही झाला नसताना, व्यवस्थापक सॅम ॲलर्डाइस यांना काढण्यात आले. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता. ब्लॅकबर्नसारख्या क्लबाला ते स्थान समाधानकारकच होते. पण मालकांची अपेक्षा वरच्या चार-पाच संघांत बसण्याची होती. ॲलर्डाइस यांच्या जागी प्रथमच मुख्य व्यवस्थापक होत असलेले स्टीव्ह कीन आले. जानेवारीत रोनाल्डिन्हो व बेकहॅम यांना आणण्याच्या गोष्टी उघडपणे बोलल्या गेल्या. दोघांपैकी कोणी आले नाही.

विल्यम्स व त्यांच्या सहकारी संचालकांनी मोठे निर्णय आपल्याला न विचारता होत असल्याची तक्रार मालकांना पत्राने कळवली होती. हे पत्र पुढे वृत्तपत्रांत फुटले. खेळाडूंच्या दलालांचा सल्ला संचालकांच्या सल्ल्यापेक्षा वरचढ ठरतो, ही शंका तेथून बळावली. विल्यम्स फेब्रुवारी २०११ मध्ये पायउतार झाले आणि पाठोपाठ जुनी प्रशासकीय फळीही गेली. क्लबच्या नंतरच्या दुर्दशेची कारणे शोधताना बहुतेकांचे लक्ष कीन यांच्याकडे जाते. वस्तुतः अधिक मोठे नुकसान या रिकाम्या झालेल्या खुर्च्यांनी केले. लीगचे नियम, खेळाडूंच्या किमती, करारांतील खाचखळगे जाणणारी माणसे ईवूडमध्ये उरली नाहीत आणि पुण्यात ती कधी नव्हतीच.

२०१०–११ मध्ये संघ शेवटच्या दिवशी कसाबसा तरला. फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला आणि पुढच्या फेब्रुवारीत ख्रिस्तोफर साम्बा रशियातील आन्झी क्लबला मोठ्या रकमांना विकला गेला. ३१ डिसेंबर २०११ रोजी, सर ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, तळाला असलेल्या रोव्हर्सने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ३–२ असे हरवले. पण तो अपवाद ठरला. ७ मे २०१२ रोजी घरच्या मैदानावर विगनकडून ०–१ असा पराभव झाला आणि अकरा वर्षांनी क्लब प्रीमियर लीगबाहेर गेला. त्या सामन्यात क्लबच्या निशाणात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी प्रेक्षकांतून मैदानात सोडण्यात आली. मालकांच्या धंद्यावरील हा बोचरा विनोद जगभरच्या वृत्तपत्रांत छापला गेला.

एका हंगामात पाच

खालच्या श्रेणीत उतरलेल्या क्लबांना उत्पन्नातील खड्डा भरून निघावा म्हणून प्रीमियर लीग काही वर्षे अनुदान देते. त्या अवधीत परत वर जाणे हेच शहाणपणाचे धोरण असते. रोव्हर्सने त्यासाठी जॉर्डन ऱ्होड्सला ८० लाख पौंडांना घेतले. ही खरेदी उत्तम ठरली. बाकी कारभार मात्र विस्कळीत होता. सप्टेंबर २०१२ मध्ये कीन यांनी पद सोडले. हेनिंग बर्ग आले आणि ५७ दिवसांत गेले. मायकेल ॲपलटन आले आणि ६७ दिवसांत गेले. हंगामी जबाबदाऱ्या धरून एका हंगामात पाच जणांनी संघ सांभाळला.

बर्ग यांचे प्रकरण न्यायालयात गेले आणि कारभाराचे अंतरंग तेथे उघडे पडले. करारानुसार देय असलेली भरपाई टाळण्यासाठी क्लबने असा बचाव घेतला की, तो करार करण्याचा अधिकार क्लबच्याच व्यवस्थापकीय संचालकाला नव्हता. न्यायालयाने हा बचाव अमान्य केला आणि २०१३ मध्ये बर्ग यांना २२ लाख ५० हजार पौंड देण्याचा आदेश दिला. दहा सामन्यांत एक विजय मिळवणाऱ्या प्रशिक्षकाला मिळालेली ही रक्कम समर्थकांच्या जिव्हारी लागली. त्याहून अधिक लागला तो बचाव. क्लबचा प्रमुख अधिकारी क्लबच्या वतीने शब्द देऊ शकत नसेल, तर तो कोण देतो, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

ताळेबंद

इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे चॅम्पियनशिपचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय हा वाद नीट उमगत नाही. प्रीमियर लीगच्या दूरचित्रवाणी उत्पन्नाशी तुलना करता दुसऱ्या श्रेणीचे उत्पन्न अगदी तुटपुंजे असते. तरीही वर जाण्याच्या आशेने क्लब मोठे पगार देतात. एकूण उत्पन्नापेक्षा पगारखर्च अधिक, असे चित्र तेथे अपवादात्मक नाही. तूट मालकाने भरायची असते. ती कर्ज म्हणून भरली जाते किंवा नवे समभाग घेऊन. मालकाने एक वर्ष हात आखडला तर पगार थकतात, आणि मालक अमर्याद भरू लागला तर लीग त्याला रोखते.

रोव्हर्सच्या वाट्याला दोन्ही आले. पहिल्या वर्षांत खेळाडूंचे पगार व करार इतके फुगवले गेले की २०१३–१४ चा तोटा लीगने ठरवलेल्या ८० लाख पौंडांच्या मर्यादेपलीकडे गेला. डिसेंबर २०१४ मध्ये क्लबवर हस्तांतरबंदी लादली गेली. लीड्स आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या दोन जुन्या क्लबांवरही त्याच वेळी ती आली. बंदी सुमारे वर्षभर टिकली. त्यानंतर काटकसरीचे पर्व सुरू झाले. चांगले खेळाडू विकले गेले, फेब्रुवारी २०१६ मध्ये ऱ्होड्सही मिडल्सब्रोला गेला. त्या उन्हाळ्यात व्यवस्थापक पॉल लॅम्बर्ट करारातील तरतूद वापरून बाहेर पडले आणि ओवेन कॉइल यांची निवड झाली. कॉइल पूर्वी बर्नलीचे व्यवस्थापक होते. बर्नली आणि ब्लॅकबर्न यांच्यातील वैर जाणणाऱ्या कोणालाही ही निवड सुचली नसती.

मालकांनी दिलेले कर्ज बिनव्याजी होते आणि वेळोवेळी त्याचे समभागांत रूपांतर झाले. कागदावर पाहता हे औदार्यच आहे. पण त्याचा दुसरा परिणाम असा की, क्लब स्वतःच्या पायावर उभा राहण्याची शक्यता वर्षागणिक कमी होत गेली. मालक गेले पाहिजेत अशी मागणी करणाऱ्यांनाही, ते उद्या सकाळी गेले तर महिनाअखेरचे पगार कोण देणार, याचे उत्तर सापडत नव्हते. पुण्याहून येणाऱ्या पैशाशिवाय क्लब जगत नव्हता आणि त्या पैशाबरोबर येणारे निर्णय क्लबला मानवत नव्हते.

निषेधाचे मार्ग

कीन यांच्या काळात निषेध मुख्यतः मैदानातील घोषणा व मोर्चे या रूपात होता. ‘ब्लॅकबर्न रोव्हर्स ॲक्शन ग्रुप’ने त्याला संघटित स्वरूप दिले. ‘रोव्हर्स ट्रस्ट’ या समर्थकांच्या सहकारी संस्थेने क्लबमध्ये वाटा मिळवण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि ईवूड पार्कची ‘सामुदायिक महत्त्वाची मालमत्ता’ म्हणून नोंद करवून घेतली. या नोंदीमुळे मैदान परस्पर विकायला निघाल्यास स्थानिकांना बोली लावण्यासाठी अवधी मिळतो. ब्लॅकबर्नचे तत्कालीन खासदार व माजी मंत्री जॅक स्ट्रॉ यांनीही मालकांवर जाहीर टीका केली.

२०१६ मधील एक निषेध विशेष लक्षात राहिला. वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्धच्या सामन्यात समर्थक अठराव्या मिनिटाला आत आले आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून गेले. १८ आणि ७५ मिळून क्लबचे स्थापनावर्ष होते. मधल्या काळात आसने भरलेली आणि आधी-नंतर रिकामी, असे ते दृश्य होते.

परंतु सर्वांत परिणामकारक निषेधाला कोणी संघटित केले नाही. २०१०–११ मध्ये घरच्या सामन्याला सरासरी २५,००० प्रेक्षक येत. २०१६–१७ मध्ये ही संख्या १३,००० च्या खाली आली. ईवूड पार्कची क्षमता ३१,००० हून अधिक आहे. वर्षानुवर्षे वडिलांबरोबर, मुलांबरोबर त्याच आसनावर बसणाऱ्या माणसाने हंगामाचे तिकीट न घेणे हा ग्राहकाने दुकान बदलण्यासारखा प्रकार नाही, कारण त्याला दुसरा क्लब धरता येत नाही. तो फक्त घरी बसतो. त्यामुळे क्लबचे उत्पन्न आणखी घटते आणि मालकाच्या पैशावरील अवलंबन आणखी वाढते. समर्थकांच्या हातातील एकमेव अस्त्र असे दुधारी आहे.

मालक कुटुंबाची ईवूडमधील उपस्थिती पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर अत्यंत दुर्मीळ झाली. जाहीर निवेदने क्वचित निघत. व्यवस्थापकांना चर्चेसाठी पुण्याला जावे लागे. शिव्याशाप ऐकण्यासाठी कोणी सात हजार किलोमीटर प्रवास करावा अशी अपेक्षा धरणे कठीण आहे, हे खरे. पण मौनाचा अर्थ ब्लॅकबर्नमध्ये बेपर्वाई असाच लावला गेला.

तिसऱ्या श्रेणीत

७ मे २०१७ रोजी, प्रीमियर लीगमधील घसरणीला बरोबर पाच वर्षे पूर्ण होत असताना, रोव्हर्सने ब्रेंटफर्डला ३–१ असे हरवले. तरीही नॉटिंगहॅम फॉरेस्टइतकेच ५१ गुण होऊन गोलफरकावर क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेला कोणताही संघ यापूर्वी इतका खाली गेला नव्हता.

विचित्र भाग असा की, क्लबचे सर्वांत स्थिर पर्व येथूनच सुरू झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेले टोनी मोब्रे पाच वर्षांहून अधिक काळ राहिले. संघ पहिल्याच प्रयत्नात, एप्रिल २०१८ मध्ये, दुसऱ्या श्रेणीत परतला. मालकांनी या काळात ढवळाढवळ कमी केली आणि पैसा नियमित दिला. समर्थकांचा राग निवळला नाही, पण शांत झाला. २०२२–२३ मध्ये बढतीच्या बाद फेरीतील स्थान केवळ गोलफरकाने हुकले.

न्यायालयाची परवानगी

२०२३ पासून वादाने नवे वळण घेतले. वेंकीजच्या परदेशी रकमांसंदर्भात भारताच्या सक्तवसुली संचालनालयाने चौकशी सुरू केली होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयासमोर असल्याने इंग्लंडला पैसे पाठवण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी आणि तेवढ्याच रकमेची बँक हमी आवश्यक ठरली. चौकशी वा न्यायालयाची अट म्हणजे दोषसिद्धी नव्हे. व्यवहारात मात्र परिणाम असा झाला की, शंभर पौंड पाठवण्यासाठी मालकांना दोनशे पौंडांची सोय करावी लागू लागली आणि क्लबचे अंदाजपत्रक तारखांवर लोंबकळू लागले. परकीय चलन व्यवस्थापन कायदा हा विषय लँकेशायरमधील सामन्यापूर्वीच्या गप्पांत येईल, असे २०१० मध्ये कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला व सहाव्या वर्षापासून क्लबमध्ये वाढलेला ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना विकला गेला. काही महिन्यांत तो इंग्लंडच्या युरो संघात होता. ती रक्कम संघावर खर्च होण्याऐवजी दैनंदिन खर्चाला गेली, हा समर्थकांचा मुख्य आक्षेप. त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीत सर्वाधिक २७ गोल करणारा सॅमी स्मोडिक्सही इप्सविचला गेला. त्यातच कार्यालयीन ढिलाईची भर पडली. जानेवारी २०२३ मध्ये लुईस ओब्रायन आणि बरोबर एका वर्षाने डंकन मॅग्वायर, अशा दोघांचे करार कागदपत्रे वेळेत पूर्ण न झाल्याने फिसकटले. एकदा झाली तर चूक म्हणता येते.

व्यवस्थापक यॉन डाल टोमासन फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. त्यांचे उत्तराधिकारी जॉन युस्टेस यांनी संघाला पाचव्या स्थानावर नेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तळाशी झगडणाऱ्या डर्बी काउंटीत जाणे पसंत केले. वर जाऊ पाहणाऱ्या संघातून माणूस बुडत्या संघात स्वेच्छेने जातो, यावरून आतील परिस्थितीची कल्पना येते, असे समर्थकांचे म्हणणे होते. हंगाम सातव्या स्थानावर संपला.

महिला संघ

मे २०२५ मध्ये क्लबने महिला संघ राष्ट्रीय दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला. त्या श्रेणीसाठी सुविधा, वैद्यकीय मदत आणि पूर्णवेळ कर्मचारी यांविषयी जे निकष आहेत, त्यांचा खर्च करण्याची मालकांची तयारी नव्हती. कीरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे आणि एला टून या तिघी याच क्लबमधून घडल्या, आणि २०२२ व २०२५ या दोन्ही वर्षी युरोपीय विजेत्या ठरलेल्या इंग्लंड संघात होत्या. पुरुष संघाच्या पगारखर्चापुढे महिला संघाचा खर्च किरकोळ होता. म्हणूनच या निर्णयाने जुन्या विरोधकांच्या पलीकडील लोकही दुखावले गेले.

मालकांची बाजू

वेंकीजवरील टीकेत एक गोष्ट अनेकदा सुटते. त्यांनी क्लब वाऱ्यावर सोडला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्लॅकबर्नपासून जवळच असलेला, १८८५ साली स्थापन झालेला बरी हा क्लब मालकाला आपली आर्थिक क्षमता सिद्ध करता न आल्याने लीगमधून हाकलला गेला. महासाथीच्या काळात, प्रेक्षकांविना सामने होत असताना, वेंकीजने पैसा पुरवला. ईवूड पार्क विकले नाही. क्लबवर बँकेचे डोंगराएवढे कर्ज केले नाही. क्लबमधून पैसा काढून नेल्याचा आरोपही त्यांच्यावर गंभीरपणे करता येत नाही.

लँकेशायरच्याच ब्लॅकपूल क्लबच्या बाबतीत नेमका हाच आरोप होता. तेथील ऑयस्टन कुटुंबाने क्लबचा पैसा बाहेर नेल्याचे २०१७ मध्ये न्यायालयाने मान्य केले, आणि सहभागीदाराला ३ कोटी १० लाख पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश दिला. समर्थकांनी काही वर्षे मैदानावर बहिष्कार घातला, आणि मार्च २०१९ मध्ये मालक गेल्यावरच ते परतले. ब्लॅकपूलचा मालक लोभी ठरवता आला. ब्लॅकबर्नच्या मालकांना तसे ठरवता येत नाही, आणि म्हणूनच तेथील समर्थकांची कोंडी अधिक अवघड आहे.

नियमनाचा प्रश्न

जर्मनीत क्लबच्या मतदानहक्कांपैकी निम्म्याहून अधिक हक्क सदस्यांकडे असावेत, असा नियम आहे. इंग्लंडमध्ये क्लब ही खाजगी कंपनी असते आणि ९९.९ टक्के समभाग असलेल्याला विचारणारा कोणी नसतो. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामकाची तरतूद केली. मालकाची योग्यता, क्लबची आर्थिक शाश्वती आणि समर्थकांशी सल्लामसलत यांवर त्याने लक्ष ठेवायचे आहे. ब्लॅकबर्नसारख्या क्लबांचा अनुभव या कायद्यामागील चर्चेत वारंवार आला.

महाराष्ट्रातील समांतर अनुभव

वेंकीजच्याच पुणे शहरात असा प्रश्न वेगळ्या रूपात आला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसाठी स्थापन झालेल्या, वाधवान समूहाच्या एफसी पुणे सिटी संघाने बालेवाडीच्या मैदानावर ‘ऑरेंज आर्मी’ हा समर्थकवर्ग जमवला आणि २०१७–१८ मध्ये उपान्त्य फेरी गाठली. पुढच्या हंगामानंतर, मालक समूह आर्थिक संकटात सापडला असताना आणि देणी थकल्याच्या बातम्या येत असताना, संघ विसर्जित झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या राजुऱ्यासारख्या तालुक्याला अंतराच्या हिशेबाने हा संघ पुण्यापेक्षा जवळ आला, एवढाच काय तो दिलासा. हैदराबादने २०२१–२२ चे विजेतेपद मिळवले, पुढे तेथेही पगार थकले, आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला हलवला गेला. ब्लॅकबर्नच्या समर्थकांना निदान क्लब आपल्या गावातून उचलून नेला जाईल अशी धास्ती नाही. पुण्याच्या समर्थकांना तक्रार करायलाही क्लब उरला नाही.

कोल्हापुरात मात्र पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ कोणा एका मालकाचे नाहीत. ते पेठेचे आहेत. शाहू स्टेडियमवरील सामन्यांना हजारोंची गर्दी होते, आणि संघाचा खर्च तालमीचे कार्यकर्ते, देणगीदार व स्थानिक पुढारी यांच्याकडून उभा राहतो. तेथेही हिशेबावरून वाद होतातच, पण ज्याला जाब विचारायचा तो गल्लीच्या टोकाला राहत असतो.